रेषेने वेढलेले अक्षर

दुकानाची पाटी रंगविणारा पेंटर प्रथम पत्र्यावर खडूची भुकटी चोळलेले सूत ताणतो, मध्यभागी ते चिमटीत धरून सोडतो, आणि त्या एका फटक्यासरशी उमटलेल्या पांढऱ्या रेषेखाली पुढचा तासभर अक्षरांच्या कडा आखीत बसतो. लहानपणी शाळेच्या वाटेवर हे काम पाहत मी कितीदा तरी खोळंबलो असेन. आणि आजही मला स्पष्ट आठवते ते हे, की रंगाचा डबा उघडण्यापूर्वीचा जो थोडा काळ असे, ज्यात सारी अक्षरे वाचता येत असत परंतु त्यांच्या पोटात अद्याप काहीच भरलेले नसे, त्या काळातली पाटी मला पुऱ्या झालेल्या पाटीहून अधिक देखणी वाटे. पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचली गेली पाहिजे, म्हणून अक्षरे भरावीच लागत, आणि त्यात गैर काही नव्हते. तरीही त्या न भरलेल्या अक्षरांची ओढ माझ्या मनातून गेली नाही. पुढे छापखान्यांशी संबंध आला तेव्हा कळले, की अक्षर भरण्याच्या अलीकडेच थांबणारी मुद्राक्षरांची एक स्वतंत्र जातच आहे. छापखान्याच्या बोलीत तिला आउटलाइन टाइप म्हणतात, आणि आपण तिला पोकळ अक्षरे म्हणू.

ह्या जातीतही अनेक घराणी आहेत. काहींच्या कडेला छाया असते, काहींची रेषा जाड असते, काहींना वेलबुट्टी असते. मला येथे सांगावयाचे आहे ते त्यांपैकी सर्वांत अबोल अशा घराण्याविषयी: ज्याचा सांगाडा वर्तुळ, चौकोन आणि सरळ रेषा ह्यांनी बांधलेला आहे, ज्याला फुलोरा नाही, आणि ज्याची बाह्यरेषा एकाच बारीक जाडीने अक्षराभोवती फिरून आपल्या आरंभबिंदूला येऊन मिळते. अशा अक्षराला स्वतःची शाई जवळजवळ नसतेच. त्याचा देह म्हणजे रेषेच्या आत सापडलेला कागद. आणि म्हणून कागद, भिंत, काच किंवा छायाचित्र, जे काही त्याच्या मागे असेल त्याचाच रंग आणि पोत त्या अक्षराला प्राप्त होतो. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर ह्या टाइपाचे उपयोग कोणते आणि तो कोठे वापरू नये, ह्या दोन्हींचा उलगडा आपोआप होतो.

भूमितीचा भाग आधी पाहू. रोमन लिपीतील अक्षरांच्या टोकांना जे बारीक पाय असतात ते काढून टाकलेला टाइप लंडनमध्ये १८१६ साली चौथ्या विल्यम कॅस्लनने प्रथम दाखविला. परंतु अक्षर कंपास आणि पट्टी ह्यांच्या आधारे बांधावे, हा आग्रह खऱ्या अर्थाने धरला गेला तो पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत. हर्बर्ट बायरने १९२५ च्या सुमारास केवळ कंसांची आणि सरळ रेषांची एक वर्णमाला रेखाटली, आणि १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बाउअर ढलाईखान्यातून पॉल रेनर ह्यांचा ‘फ्युचुरा’ हा टाइप बाहेर पडला, ज्याचे वंशज आज जगभर पसरले आहेत. १९६९ साली ‘अपोलो ११’ च्या यात्रिकांनी चंद्रावर ठेवलेल्या धातूच्या पट्टीवरील मजकूर ह्याच वळणाच्या अक्षरांत आहे. रेनर हे केवळ यंत्रयुगाचे भक्त नव्हते. फ्युचुराची मोठी अक्षरे त्यांनी प्राचीन रोमन शिलालेखांच्या प्रमाणावर बेतली, त्यामुळे त्यांतील ‘ई’ आणि ‘एल’ अरुंद आहेत तर ‘ओ’ ऐसपैस आहे. आणि ज्या नव्या रूपाचा त्यांनी पुरस्कार केला त्याचे मोल त्यांना १९३३ साली नाझी राजवटीत अटक होऊन आणि म्युनिकच्या मुद्रणशाळेतील जागा गमावून द्यावे लागले.

भौमितिक म्हटले जाणारे अक्षर खरोखर भूमितीप्रमाणे काढले, तर ते डोळ्यास चुकीचे दिसते, हा ह्या कलेतला फार मनोहर विरोधाभास आहे. आडवी आणि उभी रेषा एकाच मापाची काढली तर आडवी जाड भासते. वर्तुळ आणि चौकोन एकाच उंचीचे काढले तर वर्तुळ लहान भासते, म्हणून गोल अक्षराला आधाररेषेच्या किंचित खाली आणि माथ्याच्या किंचित वर सरकू द्यावे लागते. गोलाई जेथे उभ्या दंडाला मिळते तेथे काळोख साचतो, म्हणून तेथे ती हलकेच निमुळती करावी लागते. फ्युचुरात ह्या सगळ्या दुरुस्त्या आहेत, परंतु त्या इतक्या बेमालूम आहेत की वाचकाला त्यांचा पत्ता लागत नाही. भरीव अक्षरात अशी दुरुस्ती शाईच्या वजनाखाली झाकली जाते. पोकळ अक्षरात मात्र प्रत्येक फटकाऱ्याच्या दोन्ही कडा उघड्या पडतात, आणि दोन समांतर रेषांमधील अंतर कोठे रतिभरही कमीजास्त झाले तर ते दृष्टीस खुपते. म्हणून भरीव टाइप घेऊन त्याच्या कडेने संगणकाकडून यांत्रिकपणे रेघ फिरवून घेणे म्हणजे पोकळ टाइप करणे नव्हे. कोपरे, सांधे आणि निमुळते भाग पुन्हा हाताखालून घालावे लागतात. जेथे हे श्रम घेतलेले असतात तेथील अक्षर पाहताच ओळखू येते, कारण त्याच्या आतला पांढरा पट्टा नदीच्या संथ पात्रासारखा एकाच रुंदीने वाहत असतो.

बाह्यरेषेचे टाइप तसे जुने आहेत. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात भिंतीवर लावायच्या जाहिरातींसाठी ते ओतले जात. परंतु शिशाच्या खिळ्यावर केसाएवढी रेषा टिकवणे कठीण. प्रत्येक छाप्याच्या दाबाने ती झिजे, वाके, आणि एकदा तुटली की तो खिळा वितळविण्याखेरीज गत्यंतर नसे. ह्या अक्षरांचे भाग्य उजळले ते टाइप धातूतून सुटून फिल्मवर आला तेव्हा. प्रकाशाने उमटणाऱ्या रेषेला झीज नाही. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये हर्ब लुबालिन, ॲरन बर्न्स आणि एडवर्ड रॉन्डथेलर ह्यांनी स्थापन केलेल्या इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशनने पुढील काही वर्षांत आपल्या अनेक टाइपांना पोकळ भावंडे दिली. बायरच्या वर्णमालेवरून १९७५ साली घडविलेल्या ‘आयटीसी बाउहाउस’लाही असे एक मिळाले. त्याच सुमारास पालथ्या बाजूने घासून कागदावर उतरविण्याची लेट्रासेटची अक्षरे जाहिरातींच्या कचेऱ्यांतून रूढ झाली होती आणि त्यांतही पोकळ वळणे असत. रेषेचे सामर्थ्य किती, हे मात्र त्याआधीच १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकने सिद्ध केले होते. लान्स वायमन ह्यांनी ऑलिंपिकच्या पाच कड्यांच्या वर्तुळांतूनच ६८ हा आकडा उपजविला आणि त्याच समांतर रेषांत साऱ्या स्पर्धेची अक्षरे बांधली. ती पोकळ अक्षरे नव्हेत, रेषांच्या लाटा आहेत. पण केवळ बारीक भौमितिक रेषा एका अवघ्या नगराला एका सुरात आणू शकते, ह्याची खात्री त्यांनी पटविली.

आजच्या संगणकात तर प्रत्येक अक्षर मुळात पोकळच असते. आपण भ्रमणध्वनीवर वाचतो ते प्रत्येक ‘क’ किंवा ‘ग’ यंत्राच्या दप्तरात भरीव चित्र म्हणून नव्हे, तर काही बिंदू आणि त्यांना जोडणारे वक्र, अशा बाह्यरेषेच्या रूपाने नोंदलेले असते. पडद्यावर आणताना यंत्र ते भरते. हे वक्र मोटारींच्या कारखान्यांतून आले. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए ह्यांनी गाडीच्या पत्र्याची गोलाई गणिताने सांगता यावी म्हणून ते विकसित केले, आणि टाइपाला ते बेझिएच्या नावासह मिळाले. त्या वक्रांनी अचूक वर्तुळ कधीच निघत नाही. चार तुकडे जोडून ते साधावे लागते, आणि मग त्रिज्येत राहणारा फरक दहा हजारांत तीन भागांहूनही कमी असतो. जे अक्षर वर्तुळाची शपथ घेऊन उभे आहे त्याचे वर्तुळ असे सूक्ष्म तडजोडीने बनलेले असावे, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

परंतु मराठी वाचकाला खरी उत्सुकता असणार ती ही, की आपल्या देवनागरीला हा पोशाख कितपत शोभतो.

देवनागरीचे वळण बोरूने घडविले आहे. तिरप्या कापलेल्या बोरूच्या टोकातून एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक रेघ उमटते, आणि निर्णयसागर छापखान्याच्या ज्या टाइपांनी महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांचे डोळे घडविले, त्यांत ह्याच चढउताराचा डौल होता. भौमितिक वळण हा चढउतार सोडून देते आणि अक्षराच्या सांगाड्यावरच भिस्त ठेवते. काही अक्षरे ह्या परीक्षेत सहज उतरतात: ‘ठ’ तर वर्तुळच आहे, ‘व’ आणि ‘ब’ दंडाला टेकलेले वर्तुळ आहे, ‘ळ’ म्हणजे शेजारी बसलेली दोन वर्तुळे, आणि मराठीचा दोन पाकळ्यांचा ‘ल’, जो आपला स्वतःचा आहे आणि राज्य शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयाने ज्याची पुन्हा तजवीज केली, तोही कंपासाला राजी होतो. पण ‘झ’, ‘ह’, ‘क्ष’ ही अक्षरे हाताच्या वळशातून जन्मलेली आहेत, आणि त्यांना वर्तुळात कोंबले तर ती आपला चेहरा हरवून बसतात. हा प्रश्न सोडविण्याचा एक गंभीर प्रयत्न म्हणून इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’ पाहण्याजोगा आहे. त्यातील देवनागरी निनाद काळे ह्यांची आणि रोमन जॉनी पिनहॉर्न ह्यांची. दोन्ही लिप्या शुद्ध वर्तुळाच्या पायावर उभ्या आहेत आणि अत्यंत बारीक वजनापासून अत्यंत जाड वजनापर्यंत त्याच्या नऊ पायऱ्या आहेत. त्यातले सर्वांत बारीक वजन पोकळ नव्हे, एकेरी रेषेचे आहे. तथापि बोरूचा आधार काढून घेतल्यावर देवनागरी केवळ रेषेवर किती तोल सांभाळते, ते त्यात उत्तम दिसते. ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘एक टाइप’ ह्या संस्थेचा ‘मोदक’ आहे, ज्यात अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत की आतल्या पोकळ्यांच्या केवळ बारीक फटी उरतात. तेथे शाई देह आहे आणि कागद रेषा; पोकळ अक्षरात कागद देह आहे आणि शाई रेषा. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत, म्हणजे एकाच लिपीचे हे दोन टोकांचे स्वभाव चटकन उमगतात.

देवनागरीला पोकळ करताना मुख्य अडचण येते ती शिरोरेषेची. भरीव टाइपात प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा थोडी पुढे वाढवून आणते, ती शेजाऱ्याच्या शिरोरेषेवर चढते, आणि दोन्ही काळ्याच असल्यामुळे सांधा दिसत नाही. आता त्याच अक्षरांच्या केवळ कडा काढल्या, तर शिरोरेषेच्या टोकांच्या कडाही निघतात, आणि प्रत्येक सांध्यावर एक आडकाठी उभी राहते. ‘महाराष्ट्र’ ह्या एका शब्दात असे निदान पाच सांधे आहेत: ‘म’ला ‘ह’ लागताना, ‘ह’ला काना लागताना, आणि तसेच पुढे. परिणामी जी शिरोरेषा शब्दाला एकाच छताखाली आणते, ती आगगाडीच्या डब्यांसारखी तुकड्यातुकड्यांची दिसू लागते. लग्नपत्रिकांवर आणि फ्लेक्सच्या फलकांवर हा दोष मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. उपाय कठीण नाही. शीर्षकाचा शब्द जुळवून झाला की अक्षरांचे आकारांत रूपांतर करावे, ते सर्व आकार एकमेकांत विलीन करून घ्यावेत, आणि मगच बाह्यरेषा द्यावी. म्हणजे शिरोरेषा शब्दाच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकच अखंड वाट होते आणि दंड तिच्यातून खाली उतरणाऱ्या गल्ल्यांसारखे मोकळे होतात. टाइप घडविणाऱ्याने मुळातच शिरोरेषेची टोके उघडी ठेवली असतील तर सोन्याहून पिवळे.

शिरोरेषा अखंड झाली की पोकळ देवनागरीचे जे रूप दिसते, त्याची सर रोमन लिपीला नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. रोमन शब्दात प्रत्येक अक्षर एक वेगळे बेट असते. आपल्या शब्दात मात्र सगळ्या अक्षरांचा अंतर्भाग एकमेकांना जोडलेला राहतो, जणू एकाच घराची दालने; ‘कमल’ हा शब्द असा रेखाटला तर बाहेरची एकच रेषा संपूर्ण शब्दाला प्रदक्षिणा घालून येते. ठिपक्यांच्या रांगोळीत हात न उचलता काढलेली रेषा पुन्हा आरंभाला मिळते तेव्हा जे समाधान होते, तेच येथे होते. जोडाक्षरांपुढे मात्र ह्या टाइपाने नम्र व्हावे. ‘कार्त्स्न्य’ किंवा ‘वक्तृत्व’ ह्यांसारखा शब्द पोकळ अक्षरांत लावला तर रेषांचे जाळे होते, आणि कागदाला शिरायला जागाच उरत नाही.

वाचनीयतेचा हिशेब डोळ्याच्या शास्त्रानेही मांडता येतो. उट्रेख्त येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन ह्यांनी १८६२ साली जो तक्ता तयार केला, आणि ज्याच्यापुढे आपण सर्वजण एक डोळा झाकून उभे राहिलो आहोत, त्याचे तत्त्व असे की निकोप डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, एवढे अंतर वेगळे ओळखता येते. म्हणून त्यांनी अक्षराची उंची पाच कला आणि फटकाऱ्याची जाडी एक कला ठेवली. सहा मीटरवरून हे अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच भरते. तीन आडव्या फटकाऱ्यांच्या रोमन ‘ई’ला तीन फटकारे आणि दोन मोकळ्या जागा मिळून पाच भाग पुरतात. तोच ‘ई’ पोकळ केला, की प्रत्येक फटकाऱ्याचे रेषा, पोकळी, रेषा असे तीन भाग होतात, आणि एकूण अकरा भाग लागतात. म्हणजे त्याच अंतरावरून त्यातली प्रत्येक रेषा स्पष्ट दिसावी असे वाटत असेल, तर अक्षर दुपटीहूनही मोठे, जवळजवळ १९ मिलिमीटरचे हवे. बाजारपेठेतला तो पेंटर हे गणित न मांडताच जाणत होता.

मुद्रणाचा हिशेब ह्याहून कठोर आहे. समजा, ७२ पॉइंटांच्या, म्हणजे एका इंचाच्या अक्षराला एक पॉइंट जाडीची रेषा आहे. तेच अक्षर १२ पॉइंटांवर आणले तर रेषा एका पॉइंटाचा सहावा भाग, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर उरते. ती मानवी केसाच्या जाडीची झाली. वर्तमानपत्री कागदावर अशी रेषा तुटक उमटते, आणि गडद पार्श्वभूमीतून पांढरी सोडली असेल तर आजूबाजूची शाई पसरून तिला गिळून टाकते. रेषेचा रंग चार शायांच्या मिश्रणातून घेतला असेल, आणि छपाईत एखादा रंग किंचित जरी सरकला, तर एका रेषेच्या दोन रेषा होतात. एका संस्थेच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ करताना मी स्वतः हा अनुभव घेतला आहे. जुन्या वाड्याच्या छायाचित्रावर पांढऱ्या बारीक पोकळ अक्षरांत नाव ठेवण्याची कल्पना माझीच होती, आणि मसुद्यात ती अतिशय सुंदर दिसत होती. पण छायाचित्रात वाड्यापुढे पिंपळ होता, त्याच्या पानापानांतून ऊन चमकत होते, आणि छापून आलेल्या प्रतीत नावाची निम्मी अक्षरे त्या पानांत विरघळून गेली होती. ज्यांनी वर्षभर त्या अंकासाठी धावपळ केली होती त्यांचे उतरलेले चेहरे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, की छायाचित्रावर हा टाइप ठेवायचा तर आकाश, पाणी, धुके किंवा सपाट भिंत असा शांत भाग शोधावा, आणि रेषेला एकच सलग शाई द्यावी.

तेव्हा त्याचे घर कोठे आहे? जेथे शब्द थोडे आहेत आणि जागा पुष्कळ आहे तेथे. एखाद्या संस्थेच्या पंचाहत्तरीला ‘७५’ हे दोनच आकडे संपूर्ण पानभर, आणि त्यांच्या पोटातून मागचे जुने छायाचित्र दिसते आहे, हा त्याचा मला माहीत असलेला सर्वांत सुरेख उपयोग. संगीताच्या मैफिलीचे निमंत्रण, वास्तुशिल्पाच्या प्रदर्शनाचा फलक, कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ, अत्तराच्या किंवा चहाच्या खोक्यावरील नाव, सोनेरी फॉइलने दाबून काढलेली पत्रिका, ह्या सर्व ठिकाणी तो खुलतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हल मैदानासमोर आर्ट डेको पद्धतीच्या ज्या इमारती आहेत, ज्यांचा व्हिक्टोरियन इमारतींसह २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांच्या दर्शनी भागावरील नावे भौमितिक वळणांची आहेत. त्या परिसराविषयीच्या पुस्तकाला हे बारीक पोकळ अक्षर जितके अनुरूप तितके दुसरे कोणतेही नाही. त्याच्यासोबत मजकुरासाठी त्याच घराण्यातले साधे भरीव अक्षर घ्यावे, आणि शीर्षकातल्या अक्षरांमध्ये नेहमीपेक्षा किंचित अधिक अंतर सोडावे. देवनागरीत हे अंतर शिरोरेषा न तोडता, ती लांबवूनच मिळवावे लागते. औषधाच्या बाटलीवरील सूचना, रस्त्यावरचा दिशादर्शक, सरकारी अर्ज, वृद्ध वाचकांसाठीचे पुस्तक, येथे मात्र त्याला प्रवेश नसावा. तेथे वाचणाऱ्याची निकड मोठी असते.

कागदाबाहेर तर त्याचे रूप आणखी पालटते. नाशिकच्या एका स्नेह्यांनी आपल्या दाराशेजारी घराचे नाव पितळी तारेत वळवून घेतले आहे; बारीक, पोकळ, शिरोरेषा अखंड असलेली तीन अक्षरे, चुन्याच्या भिंतीपासून दोन बोटे पुढे बसविलेली. सकाळी ती जवळजवळ दिसत नाहीत, आणि नवा पाहुणा दोनदा दार चुकतो. पण चारच्या सुमारास ऊन तिरपे झाले की तारेची सावली मागच्या भिंतीवर सरकू लागते, पितळेची रेषा आणि सावलीची रेषा एकमेकींपासून हळूहळू दूर होत जातात, आणि त्या दोहोंच्या मधला चुन्याचा पांढरा पट्टा, सूर्य मावळेपर्यंत, भरल्यासारखा उजळत राहतो.